जुन्या शूटर गेम्सच्या लेव्हल्स पुन्हा उघडून बघू: डूम, डस्ट २ आणि आपल्या फोनवरचे मॅप

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलवर तुम्ही 'न्यूकटाउन' किंवा 'क्रॅश' खेळत असाल, तर हातातला फोन नवा आहे पण ज्या गल्लीतून तुम्ही पळताय ती जुनी आहे. 'क्रॅश' आणि 'क्रॉसफायर' हे मॅप २००७ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मधले. 'न्यूकटाउन' आणि 'फायरिंग रेंज' २०१० च्या 'ब्लॅक ऑप्स'मधले. २०१९ मध्ये मोबाइलवरचा गेम आला तेव्हा हे जुने मॅप त्यात पहिल्या दिवसापासून होते. आज दहावी-अकरावीत असलेल्या कित्येक जणांपेक्षा 'क्रॅश' वयाने मोठा आहे.

२००७ चा फोन आज कोणी खिशात ठेवत नाही. त्या काळचे ग्राफिक्स बघून हसू येतं. मग मॅपच तेवढा का टिकतो? कारण ग्राफिक्स म्हणजे रंगकाम, आणि लेव्हल म्हणजे घराचा नकाशा. रंग दर दिवाळीला बदलता येतो. जिना चुकीच्या जागी बांधला तर मात्र पिढ्यान् पिढ्या डोकं आपटत राहतं.

या लेखात आपण काही जुन्या फर्स्ट पर्सन शूटर गेम्सच्या लेव्हल्स पुन्हा उघडून बघू. त्या कशा बनल्या, तशाच का बनल्या, आणि त्यातलं काय तुमच्या फोनवर आजही चालतंय. फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे ज्यात आपल्याला आपलं पात्र दिसत नाही, फक्त हातातली बंदूक दिसते आणि जग पात्राच्या डोळ्यांनी दिसतं, असा गेम. बीजीएमआयमध्ये एफपीपी मोड लावला की होतं तेच.

लेव्हल डिझाइन म्हणजे नेमकं काय

बऱ्याच जणांना वाटतं लेव्हल डिझायनर म्हणजे इमारती, झाडं, पोस्टर सजवणारा माणूस. ते काम आर्टिस्टचं. लेव्हल डिझायनर ठरवतो की तुम्हाला कुठून काय दिसेल, कुठे जाता येईल, तिथे पोहोचायला किती सेकंद लागतील, आणि तोवर तुमच्यावर कोण गोळी झाडू शकेल. म्हणजे नजर, वाट, वेळ आणि धोका. बाकी सगळं नंतर.

जुना वाडा बघितला असेल तर हे लगेच कळेल. दरवाज्यातून आत शिरलं की थेट घर दिसत नाही. आधी देवडी लागते, अंधारी आणि ठेंगणी. तिथून वळण घेतलं की एकदम उघडा चौक आणि वरून ऊन. पुढे पुन्हा सोपा, मग काळोखं माजघर. रस्त्यावरच्या माणसाला घरातलं काही दिसू नये, पण देवडीत बसलेल्याला येणारा प्रत्येक माणूस दिसावा, अशी ती रचना. रायगडाच्या महादरवाज्याचंही तसंच. दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि जवळ गेलात की दोन्हीकडून माऱ्यात सापडता. गेमच्या भाषेत याला चोक पॉइंट म्हणतात. आपल्याकडे गोमुखी दरवाजा म्हणतात.

आणि देवगिरीचा किल्ला तर सरळ लेव्हलच आहे. आधी खंदक, तो ओलांडायला एकच अरुंद वाट, मग डोंगराच्या पोटातून वळणावळणाने वर चढणारी अंधारी. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिकडे जातात, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण या अंधारीत फोनचा टॉर्च लावून गेले असतील. गाइड जे सांगतो ते पुन्हा एकदा गेमरच्या डोक्याने आठवून बघा.

डूम: जिथे जमिनीला उंची मिळाली

१९९२ च्या मे महिन्यात 'वोल्फनस्टाइन थ्रीडी' आला. आयडी सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीचा. त्याची प्रत्येक लेव्हल म्हणजे ६४ बाय ६४ चौकोनांची वही. चौकोन एकतर भरलेला, म्हणजे भिंत, नाहीतर रिकामा. भिंती सगळ्या काटकोनात, सगळ्यांची उंची सारखी, जमीन एकाच पातळीवर आणि एकाच रंगाची. खेळायला भन्नाट, पण दहा मिनिटांत सगळ्या खोल्या सारख्या वाटू लागतात आणि आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

दीड वर्षाने, १० डिसेंबर १९९३ ला, त्याच लोकांनी 'डूम' काढला. भिंती आता कुठल्याही कोनात वळू लागल्या. प्रत्येक भागाची जमीन वेगळ्या उंचीवर, छत वेगळ्या उंचीवर आणि उजेडही वेगळा. जिने आले, लिफ्ट आल्या, खिडक्या आल्या. हे सगळं ३२० बाय २०० पिक्सेलच्या स्क्रीनवर आणि ४ एमबी रॅमच्या कॉम्प्युटरवर. तुमच्या गॅलरीतला एखादा फोटो यापेक्षा मोठा असेल.

हे जमलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. गेमला दर सेकंदाला कित्येकदा एकच प्रश्न सोडवायचा असतो: या जागेवरून कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे? जॉन कारमॅकने यासाठी बीएसपी नावाची पद्धत वापरली. शेताची वाटणी डोळ्यांसमोर आणा. आधी मधोमध एक बांध घातला, दोन भाग झाले. मग प्रत्येक भागात पुन्हा बांध, पुन्हा दोन तुकडे, असं तुकडे अगदी सोपे होईपर्यंत. आता तुम्ही कुठेही उभे असा, प्रत्येक बांधापाशी एवढंच विचारायचं, 'मी याच्या अलीकडे की पलीकडे?' अलीकडचं आधी काढायचं, पलीकडचं नंतर. अलीकडच्या भिंतीने स्क्रीनचा जेवढा भाग झाकला तिथे मागचं काही काढायचंच नाही. आणि ही वाटणी गेम चालू असताना करायची नाही. ती आधीच करून लेव्हलच्या फाइलमध्ये साठवलेली असते.

याची एक किंमत होती, आणि ती थेट लेव्हल डिझाइनमध्ये दिसते. वाटणी आधीच झालेली, म्हणून गेममध्ये बांध हलवता येत नाही. म्हणून डूममधलं एकही दार आडवं सरकत नाही. सगळी दारं वर जातात, सगळ्या लिफ्ट खाली-वर करतात. तसंच डूमचा नकाशा मुळात सपाट कागद आहे, त्यामुळे एका खोलीच्या वर दुसरी खोली बांधताच येत नाही. दुमजली इमारत नाही! तरीही खेळताना आपण सतत वर चढतोय, खाली उतरतोय असं वाटतं. ही जादू लेव्हल डिझायनरची.

डूमच्या पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल्स जॉन रोमेरोने बनवल्या. पहिली लेव्हल 'हँगर'. गेमर तिला 'ई१एम१' म्हणतात. सुरुवातीच्या खोलीत उभं राहिलं की डावीकडे पायऱ्या दिसतात, वर हिरवं चिलखत. उजवीकडे खिडकी. खिडकीतून बाहेरचं अंगण, डोंगर, आकाश आणि अंगणात ठेवलेलं निळं चिलखत, हिरव्यापेक्षा भारी. पण खिडकीतून बाहेर जाता येत नाही. दारही नाही. तुम्ही पुढे जाता, सैनिक मारता, हिरव्या विषारी पाण्यावरच्या नागमोडी वाटेवरून पळता, आणि ते चिलखत डोक्यात राहतं. पुढे एक लपलेली वाट आहे. ती सापडली की तुम्ही त्याच अंगणात येता, आणि आता बाहेरून त्याच खिडकीकडे बघता.

एकही शब्द न बोलता या लेव्हलने तीन गोष्टी शिकवल्या. इथे उंची आहे. इथे जे दिसतं तिथे जाता येतं. आणि भिंतींवर विश्वास ठेवू नका. ट्युटोरियल नाही, 'इथे टॅप करा' म्हणणारा चमकता बाण नाही. आजकालच्या मोबाइल गेममध्ये पहिली पंधरा मिनिटं एक बाई बोट धरून सगळी बटणं दाबायला लावते, तेव्हा मला हटकून ई१एम१ आठवते. गंमत म्हणजे रोमेरोने ही पहिली लेव्हल त्या भागात सगळ्यात शेवटी बनवली. आधीच्या सगळ्या लेव्हल्स बनवून हात बसला, इंजिन काय करू शकतं ते कळलं, मग दारात रांगोळी काढली.

रोमेरोने स्वतःसाठी काही नियम ठरवले होते आणि ते त्याने नंतर जाहीरपणे सांगितलेत. जमिनीचा पोत बदलायचा असेल तर उंचीही बदला. अंधार आणि उजेड, अडचण आणि मोकळीक यांचा विरोध मुद्दाम वापरा. बाहेरचं दिसत असेल तर तिथे पोहोचायची काहीतरी वाट ठेवा. ओळखीच्या खुणा ठेवा. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: खेळणारा त्याच जागी पुन्हा पुन्हा येईल अशी वाट आखा, म्हणजे ती जागा त्याच्या डोक्यात बसते. शेवटचा नियम ऐकायला साधा वाटतो, पण नवशिका डिझायनर नेमकं उलटं करतो. खोलीमागून खोली, खोलीमागून खोली, आगगाडीच्या डब्यांसारखी. मागे वळून बघायचं कारणच नाही.

आणि हा माणूस अजून थांबलेला नाही. २०१६ मध्ये त्याने डूमसाठी नवी लेव्हल बनवली, २०१९ मध्ये 'सिजिल' नावाचा आख्खा संच, आणि १० डिसेंबर २०२३ ला, डूमच्या तिसाव्या वाढदिवशी, 'सिजिल २'. तेच जुनं इंजिन, तीच वर जाणारी दारं.

क्वेक, गोल्डनआय, हाफ-लाइफ: थोडक्यात

१९९६ च्या जूनमध्ये 'क्वेक' आला आणि खोलीवर खोली शक्य झाली, खरं थ्रीडी. पण त्यासाठी आणखी मोठा हिशोब आधीच करून ठेवावा लागायचा: लेव्हलच्या प्रत्येक तुकड्यातून दुसरे कुठले तुकडे दिसण्याची शक्यता आहे याची यादी. ही यादी बनवायला त्या काळच्या कॉम्प्युटरला तासन् तास लागायचे. त्यामुळे डिझायनर दोन मोठ्या खोल्यांच्या मध्ये एल आकाराचा बोळ घालायला शिकले. वळण आलं की पलीकडचं दिसत नाही, दिसत नाही म्हणजे काढावं लागत नाही, गेम पळतो. वाड्याची देवडी पाहुण्यांची नजर अडवते, क्वेकची देवडी प्रोसेसरची.

१९९७ चा 'गोल्डनआय' निन्टेन्डोच्या मशीनवरचा, आपल्याकडे फारसा कोणी खेळला नाही. पण त्याच्या टीमने एक वेगळी गोष्ट केली. आधी जागा बांधल्या, जशा खऱ्या असतात तशा, आणि खेळणारा कुठून सुरू करेल, कुठे संपवेल हे नंतर ठरवलं. त्यामुळे काही खोल्या काहीच कामाच्या नाहीत. तरी त्यांच्यामुळेच ती जागा खोटी वाटत नाही.

१९९८ च्या 'हाफ-लाइफ'ची सुरुवात एका ट्रामने होते. काही मिनिटं तुम्ही फक्त बसून प्रयोगशाळा बघता. गोळी नाही, शत्रू नाही. नंतर सगळं उद्ध्वस्त झाल्यावर त्याच जागा परत दिसतात तेव्हा आधी बघितलेलं कामी येतं. गोष्ट सांगण्यासाठी गेम थांबवायची गरज नाही, ती जागाच सांगू शकते, हे या गेमने पटवलं.

डस्ट २: वीस वर्षं जुनी गल्ली

'काउंटर-स्ट्राइक' सुरू झाला १९९९ मध्ये, हाफ-लाइफवर चाहत्यांनी बनवलेला मॉड म्हणून. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी तो बनवला. त्याचं इंजिन क्वेकच्या घराण्यातलं, म्हणजे वर सांगितलेली नजरेची सगळी पथ्यं इथेही लागू. डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका ब्रिटिश टीनएजरने त्यासाठी 'डस्ट' हा मॅप बनवला. तेव्हा 'टीम फोर्ट्रेस २' या येऊ घातलेल्या गेमची काही चित्रं बाहेर आली होती, त्यातला वाळवंटी पिवळा रंग त्याला आवडला, आणि चित्रं बघून त्याने तसा देखावा उभा केला. २००१ मध्ये त्याचा पुढचा मॅप आला, 'डस्ट २'. जगात सगळ्यात जास्त खेळल्या गेलेल्या मॅपांत त्याचं नाव घेतलं जातं.

वरून बघितला तर नकाशा अगदी साधा आहे. टेररिस्ट एका टोकाला, त्यांना बॉम्ब लावायच्या दोन जागा, ए आणि बी. काउंटर-टेररिस्ट दुसऱ्या बाजूला, ए आणि बी यांच्या मधोमध. टेररिस्टांना तीन वाटा: एका बाजूने 'लाँग', मधून 'मिड', दुसऱ्या बाजूने बीकडे जाणारे बोगदे. मिडवरून ए कडे चढणारी आणखी एक छोटी वाट, 'शॉर्ट'.

खरी करामत सेकंदांत आहे. राउंड सुरू झाल्यावर दोन्ही टीम सरळ पळाल्या तर त्या कुठे आणि कधी समोरासमोर येतील हे मॅपने ठरवून टाकलेलं असतं. लाँगच्या दारापाशी दोघं जवळपास एकाच वेळी पोहोचतात. अर्धा सेकंद उशीर झाला तर तुम्ही कोपऱ्यात अडकलात. मिडमध्ये एक मोठं दुपाखी दार आहे, पूर्ण बंद नाही, मधे फट. त्या फटीतून टेररिस्टांच्या स्नायपरला पलीकडून बीकडे पळणारी टीम क्षणभर दिसते. तेवढ्या क्षणात किती जण गेले हे मोजता येतं, एखादा पाडताही येतो. नुसत्या एका फटीमुळे दर राउंडला एक जुगार.

जाणकार खेळाडू डस्ट २ खेळतात तेव्हा ते मॅप बघत नसतात, मॅप त्यांना पाठ असतो. ते बघत असतात समोरचा माणूस. साधा मॅप टिकतो तो म्हणूनच. दर मॅचला नवीन भूलभुलैया असेल तर सगळी शक्ती रस्ता शोधण्यातच जाते. एखाद्या ग्राउंडवर वर्षानुवर्षं क्रिकेट खेळलात की कुठल्या बाजूला बाउंड्री जवळ आहे आणि कुठल्या खड्ड्यात बॉल मरतो हे अंगात भिनतं, तसं.

सप्टेंबर २०२१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने टेररिस्टांच्या सुरुवातीच्या जागेवरून मिडकडे जाणारी नजर अडवली. एक अडथळा, बस. पण त्यामुळे राउंडच्या पहिल्या काही सेकंदांतला तो जुगारच गेला, आणि चाहत्यांत वाद पेटला. नवी बंदूक आली असती तर एवढा गाजावाजा झाला नसता.

आणि आपला आयजीआय

आपल्याकडचा इतिहास 'प्रोजेक्ट आयजीआय'शिवाय पुरा होत नाही. डिसेंबर २००० चा गेम, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा. खामगाव, चिखली, मलकापूर, कुठल्याही सायबर कॅफेत गेलात की दोन गेम हमखास असायचे: काउंटर-स्ट्राइक आणि आयजीआय. शाळेत असताना तासाचे पैसे गोळा करून आम्ही चौघं एका कॉम्प्युटरसमोर बसायचो. एक खेळणार, तिघं ओरडणार.

आयजीआयचं इंजिन त्याच कंपनीच्या लढाऊ विमानांच्या गेममधून आलेलं. त्यामुळे डूम किंवा क्वेकपेक्षा नेमकी उलटी तऱ्हा. खोल्या कमी, मोकळं रान भरपूर. टेकडीवर उभं राहून दुर्बिणीतून सगळा तळ दिसतो: कुंपण, टेहळणीचे मनोरे, कॅमेरे, बराकी. हातातल्या छोट्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडून झूम करता येतं, आणि आधी योजना आखायची, मग शिरायचं.

चौदा मोहिमा. मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. मल्टिप्लेयर नाही. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहायची. एक तास खेळून शेवटच्या दाराशी मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि कॅफेवाला हाक मारतोय, 'टाइम संपला!' यातलं बरंच काही आज सदोष डिझाइन म्हणावं लागेल, आणि मी म्हणतोच. पण सेव्ह नसल्यामुळे एक झालं. आम्हाला तो तळ पाठ झाला. कुठला कॅमेरा कधी वळतो, कुठल्या बराकीमागून गेलं तर कुत्रंही भुंकणार नाही. रोमेरोचा 'त्याच जागी पुन्हा आणा' हा नियम आयजीआयने शिक्षा देऊन पाळायला लावला.

फोनवर काय बदललं

आता बीजीएमआयकडे येऊ. एरँगल ८ बाय ८ किलोमीटरचा. नुसतं पळत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला वीस-बावीस मिनिटं. सॅनहॉक ४ बाय ४. लिविक २ बाय २.

हे आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर लोणारला जा. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. म्हणजे लिविकमध्ये आख्खं लोणार सरोवर काठासकट बसतं. काठावर उभं राहिलं की संपूर्ण वाडगा एका नजरेत दिसतो, खाली पाणी, भोवती झाडी. मग धारेच्या बाजूने उतरायला लागा. दहा मिनिटांत झाडीत शिरता आणि दिसायचं बंद. कमळजा देवीचं देऊळ वरून बघितलेलं असतं, पण खाली ते शोधत जावं लागतं. आधी लक्ष्य दाखवा, मग वाट लपवा. ई१एम१ ची खिडकी आणि लोणारचा काठ एकच काम करतात.

पण लोणारचा काठ फोनसाठी वाईट आहे. उंचावरून सगळंच दिसतं, म्हणजे सगळंच काढावं लागतं. म्हणून मोकळ्या मॅपवर टेकडीच्या माथ्यावर स्कोप लावला की फ्रेम पडतात, फोन तापतो. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि नेमका शेवटच्या झोनमध्ये गेम अडखळतो. टीम डेथमॅचच्या 'वेअरहाउस'मध्ये हाच फोन गुमान चालतो, कारण भिंती नजर अडवतात. यावर उपाय म्हणून लांबच्या इमारती कमी तपशिलात दाखवतात, लांबचं गवत काढतच नाहीत. गवतात झोपलेला माणूस लांबून उघडा दिसतो तो त्यामुळेच. ती चीटिंग नाही. युनिटी, अनरियल ही आजची इंजिनं झाकलेल्या वस्तू वगळण्यासाठी जे करतात त्याचे पूर्वज डूम आणि क्वेकच आहेत. स्वस्त फोनवर गेम सुरळीत चालतो की नाही हे अर्धं प्रोग्रामर ठरवतो, अर्धं कोपरे कुठे घालायचे हे ठरवणारा माणूस.

दुसरा फरक अंगठ्याचा. माउसने मागे वळायला एक झटका पुरतो. काचेवर अंगठ्याने वळायला दोनदा स्वाइप करावं लागतं. त्यामुळे पाठीमागून आणि डोक्यावरून येणारा धोका फोनवर जास्त अन्यायकारक वाटतो. डूममध्ये भिंत उघडून मागून राक्षस सोडणं ही जुनी खोडी होती. फोनवर तेच केलं तर लोक अनइन्स्टॉल करतात. तीन सरळ गल्ल्यांचे जुने कॉल ऑफ ड्यूटी मॅप फोनवर जमून गेले त्याचं एक कारण हे असावं: धोका बहुतेक वेळा समोरून येतो.

हे काम आता महाराष्ट्रातही होतंय. पुण्याच्या सुपरगेमिंगने आधी 'मास्कगन' हा मोबाइल शूटर चालवला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' ही बॅटल रोयाल आणली. तिचा मॅप 'विरलोक'. नावं, वास्तू, वेष आपल्याकडच्या कल्पनेतून घेतलेले. मला त्यातली डिझाइनची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शेवटी उरलेला एकच जिंकतो या नेहमीच्या नियमासोबत तिथे 'कॉस्मियम' ताब्यात घेऊन जिंकायचीही वाट ठेवली आहे. म्हणजे शेवटच्या वर्तुळात बाथरूममध्ये लपून बसणाऱ्याला बाहेर यावंच लागतं. झोनने ढकलण्याऐवजी आमिषाने ओढणं. निळं चिलखत परत आलं बघा.

मॅप कोणाच्या मालकीचा

२ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला. २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण त्या दिवशी काय झालं ते आठवा. ज्या पोचिंकीत तुम्ही शेकडो तास घालवले, ती जागा सर्व्हरवर होती. दार बंद झालं की तिथे जायची दुसरी वाट नाही. कंपनीने उद्या मॅप बदलला तर जुना एरँगल बघायलाही मिळत नाही.

डूमचं तसं नाही. लेव्हल्स एका वेगळ्या फाइलमध्ये असतात, तिला 'वॅड' म्हणतात. आयडीने ती मुद्दाम वेगळी ठेवली, लोकांनी बदल करावेत म्हणून. १९९४ च्या सुरुवातीलाच चाहत्यांनी एडिटर बनवला आणि जगभरची मुलं लेव्हल्स करू लागली. त्यातल्या काहींचं काम इतकं चांगलं निघालं की १९९६ मध्ये आयडीने ते 'फायनल डूम' म्हणून अधिकृत विकलं. २३ डिसेंबर १९९७ ला डूमचा सोर्स कोड खुला झाला, १९९९ मध्ये क्वेकचा. म्हणून आज फोन, टीव्ही, प्रिंटर, कशावरही डूम चालवून दाखवतात. रोमेरोची १९९३ ची लेव्हल आजही जशीच्या तशी उघडता येते. काउंटर-स्ट्राइक, डस्ट, हे सगळं याच खुलेपणातून आलं. बंद खोलीत शिकलेल्यांनी नाही, दुसऱ्याची लेव्हल खोलून बघणाऱ्यांनी बनवलं.

गेममध्ये करिअर करायचं असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लेव्हल डिझाइन हा शब्द एकदाही आला नाही. स्टुडिओ मात्र मुलाखतीत विचारतात की काय बनवलंय ते दाखवा. रँक दाखवून काम मिळत नाही, खेळता येणारी एक छोटी लेव्हल दाखवून मिळू शकतं.

उघडून बघायचं असेल तर

फक्त फोन असेल तर फ्री फायर मॅक्समध्ये 'क्राफ्टलँड' आणि बीजीएमआयमध्ये 'वर्ल्ड ऑफ वंडर' आहे. मॅप बनवता येतात, मित्रांना खेळायला देता येतात. सुरुवातीला चांगलं, पण ते मॅप कंपनीच्याच घरात राहतात. खुलं काही हवं असेल तर 'फ्रीडूम' हा मोफत गेम अँड्रॉइडसाठी एफ-ड्रॉइडवर मिळतो. इंजिन डूमचंच, चित्रं आणि लेव्हल्स चाहत्यांनी नव्याने केलेल्या.

जुना लॅपटॉप मिळाला तर विंडोजवर 'अल्टिमेट डूम बिल्डर', लिनक्सवर 'स्लेड', आणि खेळायला 'जीझेडडूम'. सगळं मोफत. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सोबत फ्रीडूमची वॅड वापरा. मूळ डूमचा फुकट मिळणारा पहिला भाग यासाठी चालत नाही, कारण तो बाहेरून आणलेली लेव्हल उघडायला नकार देतो. क्वेकच्या जातीचं खरं थ्रीडी करायचं असेल तर 'ट्रेंचब्रूम', पण ते दुसऱ्या महिन्यात.

पहिल्या लेव्हलसाठी तीन खोल्या पुरेत: देवडी, चौक, माजघर. देवडीचं छत ठेंगणं आणि उजेड कमी ठेवा. डूममध्ये उजेड ० ते २५५ असा असतो, १२० च्या आसपास ठेवून बघा, चौकात २२०. देवडी आणि चौक यांच्यामध्ये काटकोनात वळण. चौकातून माजघराकडे एक खिडकी, आत काहीतरी हवंहवंसं ठेवलेलं, आणि तिथे जायची वाट भलतीकडून. मापं लक्षात ठेवा: डूमचा खेळाडू ५६ युनिट उंच आणि ३२ रुंद. त्याला उडी मारता येत नाही. २४ युनिटांपर्यंतची पायरी तो आपोआप चढतो, २५ झाली की तीच पायरी त्याच्यासाठी भिंत होते. चौकाचा ओटा २४ चा करा, मित्राला खेळायला द्या, मागे गप्प उभं राहून तो कुठे बघतो ते बघा. मग ओटा ३२ चा करून पुन्हा द्या.